भडगाववाली ऊर्फ

आमच्या धुळ्याला महापौर नव्हता, नगराध्यक्ष होता. पण अध्यक्षसाहेबांचा डौल असा, की मुंबईच्या महापौरानं येऊन शिकून जावं. त्यांची घोडागाडी पांझरा नदीच्या पुलावरून देवपुरात शिरली की पानवाला पान लावायचं सोडून उभा राहायचा आणि सायकलवाला सायकलवरून उतरायचा. मी उतरत नव्हतो. मुद्दाम घंटी वाजवत बाजूनं जायचो. आज हे लिहितानासुद्धा मला त्याबद्दल जराही वाईट वाटत नाही.

त्या निवडणुकीत दोन गोष्टी नव्या होत्या. आधी घरपट्टी भरणाऱ्यालाच म्युनिसिपालिटीचं मत असायचं, म्हणजे घरमालकाला मत आणि भाडेकरू मुका. आता एकवीस वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक बाप्याला आणि बाईला मत मिळालं होतं. दुसरी गोष्ट, अध्यक्षसाहेब आपला गावातला जुना वॉर्ड सोडून आमच्या देवपुरातून उभे राहिले. इथली माणसं साधी आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. अध्यक्ष मेंबरांतून निवडला जायचा. म्हणजे साहेब आमच्या वॉर्डात पडले की मेंबरकी गेली, आणि मेंबरकी गेली की खुर्ची गेली. धुळ्याचा अध्यक्ष कोण, हे आमच्या चार गल्ल्या ठरवणार होत्या! मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

साहेबांच्या विरुद्ध आम्ही मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर उभे केले होते. अर्ध्या देवपुरानं त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. मी त्यांचा पत्रकं लिहिणारा. भाषण मला जमत नसे, रागावलो की आवाज चिरका व्हायचा. पण हँडबिल लिहायला बसलो की राग सरळ ओळीत उतरायचा. राग पाण्याचा होता. नळाची लाइन पूल ओलांडून आमच्याकडे आली आणि साहेबांच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी थांबली. आमच्या बाया मात्र नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीनं घागर भरत होत्या. माझ्या पहिल्या हँडबिलाचा मथळा होता, ‘अध्यक्षांच्या बंबाला पाणी, देवपूरच्या घागरी कोरड्या!’ तो लोकांच्या तोंडी बसला. साहेबांनी म्हणे तो वाचून विचारलं, “हा कोण दीडशहाणा?” ते ऐकून मला दोन दिवस भूक लागली नाही, इतका आनंद.

पाणी बाया भरत होत्या, म्हणून मला बायांची मतं हवी होती. पण मी ऐकलं होतं, की मागच्या मोठ्या निवडणुकीत ठिकठिकाणी बायांनी लाजून नावच सांगितलं नाही आणि मतं बुडाली. आमच्या गल्लीत तर ही अडचण दुप्पट. आमच्याकडे सून उंबरा ओलांडून आत आली की तिचं नाव बाहेर राहतं. ती ज्या गावची, ते गाव तिला चिकटतं. पारोळ्याची ती पारोळेवाली, चोपड्याची ती चोपडेवाली. शेजारच्या घरातली विधवा काकू भडगाववाली. मी बोलायला लागलो तेव्हापासून तिला भडगाववाली काकूच म्हणत आलो. तिचं दुसरं काही नाव असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा कधी आलं नव्हतं.

मग मी दुपारी काकूच्या अंगणात तालीमच घेतली. दहा-बारा बाया बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायला बसल्या होत्या. मी मध्ये उभा राहून हँडबिल वाचल्यासारखा बोललो, “मतदार भगिनींनो, अधिकारी तुम्हाला आपलं नाव विचारील...”

“आसा पुस्तकमाधला काबर बोलस रे भो?” पारोळेवाली म्हणाली. ही आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या नानाची बायको. नाना अध्यक्षांचा माणूस, त्यांचा एजंट. बायको मात्र बिबडे थापायला आमच्यात.

“बरं, मतदानाचा साहेब विचारील, नाव काय? काकू, तुम्ही काय सांगाल?”

“सांगसू ना, भडगाववाली.”

“ते नाव नाही काकू, ते गाव आहे!”

“मंग गावनं नाव, नाव नही का?”

सगळ्या हसल्या. माझा आवाज चिरका व्हायला लागला. “तुमचं स्वतःचं. आईबापानं ठेवलेलं.”

काकूचा हात बिबड्यावर थांबला. मग तिनं ते नाव सांगितलं, हळू, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगतेय.  पारोळेवाली ओरडली, “आय माय! इतलं नाजूक नाव! आन आम्ही इतला वरीस भडगाववाली, भडगाववाली करी ऱ्हायनूत!”

“मनी माय गई, तवयपाईन हाई नाव कोनीच लिन्हं नही,” काकू म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. पण त्या दिवसापासून ती बदलली. पाण्याला जाता-येता मला थांबवून विचारायची, “मत कवय शे रे? मना नाववर कागद भेटी ना?” तिला मत कुणाला द्यायचं हे माहीत होतंच. पण त्याहून तिला तो कागद हवा होता, तिच्या नावाचा. तेवढ्यासाठी ती एकेक दिवस ढकलत होती.

मी बायांना शेवटची ताकीद दिली. “आत नाना बसलेला असेल. तो हसेल, गल्लीतल्या नावानं हाक मारील, मतदानाचा साहेबसुद्धा विचारील, तूच का भडगाववाली? फसायचं नाही! ठणकावून नाही म्हणायचं आणि आपलं नाव सांगायचं.”

“ठनकाईसन,” काकू म्हणाली.

मतदान शाळेत होतं. बायांची रांग वेगळी, उन्हं यायच्या आत लागलेली. काकू पहिली. ठेवणीतलं लुगडं, पाठ ताठ. आत खोलीत टेबलाशी जळगावकडून आलेले एक चष्मेवाले हेडमास्तर अधिकारी म्हणून बसले होते. एका बाकावर मी मास्तरांचा एजंट, समोरच्या बाकावर नाना. कोपऱ्यात पडद्यामागे पेट्या, दर उमेदवाराची एक. आमच्या पेटीवर कंदिलाचं चित्र.

“नाव?”

काकूनं नाव सांगितलं. इतकं खणखणीत, की अधिकाऱ्यांची पेन्सिल थबकली आणि बाहेरच्या बाप्यांच्या रांगेतल्या माना दाराकडे वळल्या. माझी छाती फुगली. अधिकारी यादीवरून बोट फिरवत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले.

“या नावाची बाई यादीत नाही.”

काकूनं पुन्हा सांगितलं, अजून मोठ्यानं.

“घर कुठलं?” मी घर सांगितलं, काकांचं नावही मीच सांगितलं, कारण ते ती घेणार नव्हती. बोट एका ओळीवर थांबलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“घर सापडलं. पतीचं नावही आहे. पण बाईच्या नावाच्या जागी... ‘भडगाववाली’? हे काय प्रकरण आहे?”

मी उठलोच. “साहेब, हा अध्यक्षांचा डाव आहे! देवपूरच्या बायांची नावं यांनी यादीतून गिळली! याचा जाब...” माझ्या डोक्यात पुढचं हँडबिल छापूनसुद्धा झालं होतं: ‘स्त्रियांची नावे गिळणारे अध्यक्ष!’

“बसा,” अधिकारी म्हणाले. “बाई, तुम्हीच का भडगाववाली?”

काकूनं माझ्याकडे बघितलं. शिकवलेलं बरोबर आठवलं, म्हणून तिचे डोळे चमकले. “नही!” ती म्हणाली. ठणकावून.

“झालं साहेब,” नाना मांडी बदलत म्हणाला. “बाई स्वतःच नाही म्हणते.”

दुसरी आली. यादीत चोपडेवाली. “तुम्हीच का?” “नही!” तिसरी एरंडोलवाली. “नही!” एकेक बाई माझ्याकडे शाबासकीसाठी बघत होती, आणि एकेक मत दाराबाहेर जात होतं. मी पुन्हा डावाची भाषा सुरू केली, तेव्हा नानानं गोड आवाजात विचारलं, “पण भाऊ, आपल्या गल्लीची यादी लिहिली कोणी?”

हे मी आधीच सांगायला हवं होतं. काही महिन्यांपूर्वी म्युनिसिपालिटीनं मतदारयादीसाठी मॅट्रिक झालेली पोरं रोजंदारीवर घेतली होती. त्यांत मी होतो. चारही गल्ल्यांची यादी माझ्या हातची. दुसऱ्या गल्ल्यांत मला कुणी ओळखत नव्हतं, तिथं मी दारात उभा राहून प्रत्येक बाईचं नाव विचारलं, नीट लिहिलं. आमच्या गल्लीत मला विचारायची गरजच वाटली नाही. मला सगळे माहीत होते ना! ओट्यावर बसून मी घडाघड लिहीत गेलो: भडगाववाली, चोपडेवाली, एरंडोलवाली, पारोळेवाली. पुढे यादी छापून आली, प्रचारात मी ती पन्नास वेळा चाळली, खुणा केल्या. ‘भडगाववाली’ वाचताना काही चुकलंय, असं मला एकदाही वाटलं नाही. मला तेच तिचं नाव वाटत होतं. तालमीनंतरसुद्धा!

दारात उभ्या काकूला सगळं ऐकू गेलं होतं.

“म्हंजे तूच लिखं?”

मी मान खाली घातली.

“आन सोतानी मायनं?”

“आईचं... बरोबर लिहिलंय.” ते मला वडिलांच्या कागदांवरून ठाऊक होतं.

“वा रे वा!” रांगेतून कुणीतरी म्हणालं. “मायनं नाव सोनानं, आन आमन्हं गावनं!”

काकू बाहेर जाऊन शाळेच्या पायरीवर बसली. “मी आठेच बठसू,” म्हणाली. तिच्यामागे बाकीच्या बसल्या. ऊन चढत होतं. मी आतबाहेर करत होतो, अधिकाऱ्यांना नियम वाचून दाखवत होतो जे मला धड माहीत नव्हते, आणि ते शांतपणे म्हणत होते, “नाव जुळत नाही आणि बाई ओळख नाकारते. मी कागद कसा देऊ?” एक गल्लीभर मतं पायरीवर वाळत बसली होती. मास्तर दोनदा फाटकापर्यंत येऊन गेले. लांबूनच माझ्याकडे बघून परत फिरले. छडी मारली असती तर बरं वाटलं असतं.

आता ज्यानं घोटाळा सोडवला त्याचे उपकार मला मानावे लागतात, आणि तो नाना. घोटाळा आपल्या पथ्यावर पडलाय हे पाहून तो खुशीत आला होता. पाय मोकळे करायला म्हणून व्हरांड्यात गेला आणि काकूला मायेनं म्हणाला, “ओ भडगाववाली वहिनी, काबर उनमा बठनात? घर जा.”

खिडकी उघडी होती. अधिकाऱ्यांनी मान वर केली.

“नाना, आता तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही साहेब. घरी जा म्हटलं.”

“कोणाला?”

नाना टोपी सारखी करायला लागला.

“आत या. या बाईंना तुम्ही काय म्हणून हाक मारता?”

“हाक मारायचा प्रश्न नाही साहेब, यादीतल्या नावाचा...”

“साहेब,” पायरीवरून पारोळेवाली उठली, “त्यासले ईचारा, मी कोन शे.”

“तू चूप बस,” नाना म्हणाला.

“काबर चूप? यादीमा मी पारोयावाली शे. वहिनीले हाकलं, ते मालेबी हाकलतीन. बोला ना, आठे बठ्ठा लोक शेतस. मी तुमनी बायको शे का नही?”

हसू असं फुटलं, की फाटकावरचा पोलीससुद्धा तोंड फिरवून उभा राहिला. बाप्यांच्या रांगेतून आरोळी आली, “नाना, नही सांगी टाका, सुटशात!” नाना लाल झाला. आपली एक मतदार वाचवावी तर सगळी गल्ली वाचते, आणि गल्ली बुडवावी तर घरी जेवायला कोण घालणार? शेवटी त्यानं मान हलवली. यादीतली भडगाववाली म्हणजे हीच, चोपडेवाली म्हणजे तीच, अशी एकेकीची ओळख त्यानं पटवून द्यायची आणि सही करायची, असं ठरलं. अध्यक्षांच्या एजंटाची सही! मी बाकावरून उडी मारायचा बाकी होतो.

“चला,” अधिकारी काकूला म्हणाले. “आता फक्त हो म्हणा. यादीतली भडगाववाली ती तुम्हीच ना?”

काकू टेबलापासून एक पाऊल मागं सरली.

“काकू, हो म्हणा,” मी हात जोडले. “एकच शब्द!”

“तूच सांगेल व्हतं ना, नही म्हन?”

“तेव्हाचं तेव्हा काकू! मत जाईल!”

ती माझ्याकडे वळली. “आते माले सांग. मत कोन देस? गाव देस का मी देस?”

 ती टेबलाजवळ गेली आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, “साहेब, ऊर्फ लिखता येस का?”

“काय?”

“ऊर्फ. मना सासरान्या उतारामा व्हतं. दोन नावं, मझार ऊर्फ.” काका गेल्यावर शेत नावावर करायला ती तलाठ्याकडे इतक्या खेपा घालून आली होती, की तेवढा एक सरकारी शब्द तिला पक्का पाठ होता.

अधिकारी पहिल्यांदाच हसले. शेऱ्याच्या कागदावर त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, “भडगाववाली ऊर्फ...” आणि पुढे तिचं नाव. काकूनं सगळं वाचून होईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हां. ती मीच शे.” नानानं सही केली. तिनं मतपत्रिका दोन्ही हातांत धरली आणि पडद्याआड गेली. बाहेर आली ती इकडेतिकडे न बघता सरळ चालत गेली.

मग काय विचारता! चोपडेवाली ऊर्फ, एरंडोलवाली ऊर्फ, एकेक बाई यायची आणि ऊर्फ म्हणून दम घ्यायची, आणि पुढचं नाव असं टाकायची, की बाहेर बाप्ये कान देऊन उभे. वीस-वीस वर्षं ज्यांच्या अंगणातून गेलो त्यांची नावं आम्ही त्या सकाळी पहिल्यांदा ऐकत होतो. एक नवरा रांगेतून म्हणालासुद्धा, “अरे, हाई तं तिनं माहेरनं शे! लगीनमा मी दुसरं ठेयेल व्हतं!” आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “ते तुमीच वापरा!” पारोळेवालीचं नाव नानानं खाली मान घालून ऐकलं आणि सही केली. तिनं मत कुणाला दिलं, हे तिनं आजवर नानालाही सांगितलेलं नाही.

मोजणी दुसऱ्या दिवशी झाली. मास्तर निवडून आले! फरक इतका थोडा होता, की साहेबांच्या माणसांनी तिथंच आरडाओरडा करून फेरमोजणी मागितली. फेरमोजणीतही मास्तरच. मग म्हणाले, ही ऊर्फवाली मतं रद्द करा. आमच्या चष्मेवाल्या हेडमास्तरांनी शेऱ्याचा कागद फिरवून त्यांच्यासमोर सरकवला, आणि प्रत्येक ओळीखालची नानाची सही दाखवली. घोडागाडी पुलावरून परत गेली तेव्हा पानवाला पान लावत होता. गुलाल इतका उधळला, की दोन दिवस माझ्या थुंकीला रंग होता.

आभाराचं हँडबिल अर्थात मी लिहिलं. ‘देवपूरच्या माता-भगिनींनी इतिहास घडवला!’ छापायला देण्याआधी काकूच्या अंगणात जाऊन वाचून दाखवलं. माझा आवाज चांगला लागला होता.

“कोन्या माता?” काकूनं विचारलं.

“तुम्ही सगळ्या.”

“मंग नावं लिख ना. आखो ओट्यावर बठीसन लिखू नको. घर घर जाय. ईचार.”

गेलो. पेन्सिल घेऊन एकेका दारात उभा राहिलो, आणि जिनं जसं सांगितलं तसं लिहिलं. कुणी माहेरचं सांगितलं, कुणी सासरचं. एकीनं दोन्ही सांगितली आणि ऊर्फ विसरू नको म्हणून बजावलं. छापखान्यातला कंपोझिटर वैतागला, म्हणाला, हे आभार आहेत की पुन्हा मतदारयादी? पण त्यानं रातोरात जुळवणी केली आणि गठ्ठा माझ्या हातात ठेवला. मी सायकलवर बसूनच वाचायला लागलो. काकूच्या नावातला एक काना गळला होता.

तिला वाचता येत नव्हतं. मी बोललो नसतो तर कळलंही नसतं. पण गठ्ठा तसाच तिच्या ओट्यावर ठेवला आणि सांगून टाकलं.

“काना म्हंजे?”

“एक उभी रेघ. ती राहिली.”

“मंग लाव.”

“सगळ्यांवर?”

“बठ्ठावर.”

मी टाक आणि दौत आणली आणि लागलो एकेक काना द्यायला. काकू समोर बसून प्रत्येक कागद माझ्या हातातून घेऊन, फुंकर मारून, बाजूला ठेवत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “इतलंच ना? आण, माले दे.” तिनं टाक लाटण्यासारखा मुठीत धरला, मी जागा दाखवली, आणि तिनं ओठ घट्ट मिटून रेघ ओढली. वरून खाली, जोरात. ती इतकी लांब झाली, की खालच्या ओळीत पारोळेवालीच्या नावात घुसली, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी झिऱ्यावर दोघींचं असं भांडण जुंपलं, की घागरी तिथंच राहिल्या आणि निकाल द्यायला मला बोलावणं आलं.